कंदिलाची काच, मोबाइलची काच

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात काही कामानिमित्त जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात जाणे झाले. या तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. तेथे एका परिचित शेतकऱ्याच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. पोती गाडीत चढवण्यासाठी यजमान वाकले आणि सदऱ्याच्या खिशातला मोबाइल घरंगळून फरशीवर पडला. उचलून पाहिला तर काचेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कोळ्याचे जाळे.

मिरचीचे भाव, व्यापाऱ्याचे निरोप, बँकेचे संदेश आणि बारावीतल्या मुलीचे पाठ असे सगळे त्या एका फोनमध्ये होते. काच बदलण्याचा खर्च ऐकल्यावर त्यांनी हिशेब रुपयांत केला नाही, मिरचीच्या पोत्यांत केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हा फोन याआधी तीनदा चांगला उंचावरून पडला. काही झालं नाही. आज गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला, तर असं! काच काय मनाला येईल तशी फुटते का?"

कोपऱ्यात बसलेले त्यांचे वडील हसून म्हणाले, "अरे, कंदिलाची काच तशीच असायची. वर्ष वर्ष टिकायची, आणि एखाद्या दिवशी पाण्याचा थेंब उडाला की टचकन तडकायची."

मला वाटते, मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर वडिलांच्या या आठवणीत होते. काच मनाला येईल तशी फुटत नाही. ती कशी फुटते आणि कशी वाचवावी हे समजायला मात्र माणसाला सुमारे तीनशे वर्षे लागली, आणि त्या कथेत कंदिलालाही मानाचे स्थान आहे.

कंदिलापासून सुरुवात

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे बहुतेक कंदील आणि त्यांच्या काचा परदेशातून येत. स्वदेशीच्या चळवळीत ही गोष्ट अनेकांना खटकू लागली. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि या 'पैसाफंडा'तून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाड रेल्वे स्थानकाजवळ, आपला काच कारखाना काढला. तेथील 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला आणि त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले.

कंदिलाची काच बनवणाऱ्यापुढे मोठी अडचण असते. वात पेटली की काच आतून तापते. बाहेरून पावसाचा थेंब पडला, की थेंबाखालचा पृष्ठभाग एकदम थंड होऊन आकसू पाहतो. भोवतालची गरम काच त्याला आकसू देत नाही. परिणामी तो इवलासा भाग चारही बाजूंनी ओढला जातो. काच दाब भरपूर सहन करते, ओढ मात्र फार थोडी. म्हणून ती तडकते.

हीच अडचण अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांना येत होती. पावसात वा बर्फात सिग्नलची काच फुटली तर गाड्यांची टक्कर होण्याचा धोका. कॉर्निंग या गावातील, त्याच नावाच्या काच कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर उपाय शोधला: तापल्यावर कमी प्रसरण पावणारी काच. नेहमीच्या सोडा-चुना काचेचा एक मीटर लांबीचा दांडा १०० अंश सेल्सिअसने तापवला तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतो. बोरॉन ऑक्साइड घालून केलेल्या बोरोसिलिकेट काचेचा तेवढाच दांडा जेमतेम ०.३३ मिलिमीटर वाढतो. प्रसरण कमी म्हणून ओढही कमी. याच संशोधनातून १९१५ मध्ये 'पायरेक्स' भांडी बाजारात आली. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील चंचुपात्र स्पिरिटच्या दिव्यावर ठेवता येते ते याच जातीच्या काचेमुळे.

या कंपनीचे नाव लक्षात ठेवू. गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

तडा कोठून सुरू होतो?

उष्णतेचा प्रश्न असा सुटला. पण काच पडल्यावर का फुटते? अणूंमधील बंध किती बळकट आहेत यावरून काचेची ताकद काढली, तर ती प्रत्यक्षातील ताकदीच्या कितीतरी पट अधिक येते. मग ही ताकद जाते कोठे?

१९१३ साली इंग्लंडमधील इंग्लिस या अभियंत्याने जहाजांच्या पत्र्यांचा अभ्यास करताना दाखवून दिले, की भोकाच्या वा फटीच्या टोकाशी ताण एकवटतो. टोक जितके अणकुचीदार तितका तेथील ताण अधिक. फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ग्रिफिथने हा विचार काचेला लावला. त्याने काचेचे बारीक बारीक धागे ओढले आणि ते ताणून तोडले. धागा जसा बारीक होत गेला तशी दर चौरस मिलिमीटरमागची त्याची ताकद वाढत गेली. १९२० साली लिहिलेल्या निबंधात त्याने निष्कर्ष मांडला: काच मुळात दुबळी नाही. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात आणि फुटण्याची सुरुवात त्या भेगांपासून होते. काच ओढली गेली की भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि एका मर्यादेनंतर भेग धावत सुटते.

हे तत्त्व आपण रोज वापरतो. गोळीचे प्लॅस्टिकचे वेष्टन मधूनच फाडू म्हटले तर फाटत नाही. कडेला दातांनी लहानसा छेद दिला की अलगद फाटते. वेष्टन तेच, हात तेच. फरक फक्त त्या छेदाचा.

थोडक्यात, काचेची ताकद तिच्या जाडीपेक्षा तिच्या अंगावर किती व केवढे ओरखडे आहेत यावर अधिक अवलंबून असते.

राजपुत्राचा थेंब

मग भेगांना उघडूच दिले नाही तर? या युक्तीचा नमुना माणसाच्या हाती ग्रिफिथच्या फार पूर्वी आला होता. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला, की लांब शेपटीच्या बेडकीच्या पिल्लासारखा एक मणी तयार होतो. राजपुत्र रूपर्टने १६६० साली असे थेंब इंग्लंडमध्ये आणले. राजा दुसरा चार्ल्स याने ते रॉयल सोसायटीकडे तपासायला दिले, आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांवर लिहिले. थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो, आणि शेपूट नुसती चिमटीत मोडली की सगळ्या थेंबाचा क्षणात भुगा होतो!

कारण असे. पाण्यात पडताच थेंबाचे बाहेरचे कवच आधी घट्ट होते. आतली काच नंतर थंड होते, आकसते आणि कवचाला आत खेचते. त्यामुळे कवच कायमचे दाबाखाली राहते आणि गाभा कायमचा ओढीखाली. दाबाखालच्या कवचात भेगा मिटलेल्या राहतात. बाहेरून ओढ लावली तर तिला आधी हा दाब संपवावा लागतो, मगच भेग उघडू शकते. पण शेपूट मोडल्यावर भेग एकदा का ओढीखालच्या गाभ्यात शिरली, की सगळे संपले. १९९४ मध्ये चंद्रशेखर व चौधरी या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हा स्फोट टिपला, तेव्हा भेगांचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर व त्याहून अधिक भरला.

१८७४ मध्ये फ्रान्समधील द ला बास्ती याने तापलेली काच तेलात बुडवून कठीण करण्याचे एकस्व घेतले. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची काच आज याच तत्त्वावर, हवेचे झोत सोडून, तयार होते. मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. पृष्ठभाग थंड आणि गाभा गरम असा फरक पडायला काचेला पुरेशी जाडी हवी. मोबाइलच्या काचेची जाडी असते एक मिलिमीटरहून कमी. तिला ही युक्ती लागू पडत नाही.

खताच्या पोत्यातली युक्ती

१९६२ साली किस्लर या अमेरिकी शास्त्रज्ञाने वेगळी वाट दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. काचेत सोडियमचे आयन असतात. सोडियम असलेली काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काही तास बुडवून ठेवली, तर पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन शिरतात. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा सुमारे सव्वापटीहून अधिक मोठा असतो. बाकावर तीन मुलांच्या जागी तीन थोराड माणसे बसवली तर जशी दाटी होईल, तशी दाटी पृष्ठभागात होते. ही दाटी म्हणजेच दाब. रूपर्टच्या थेंबाचे कवच असे पातळ काचेवरही चढवता आले.

मिरचीच्या गावात या पोटॅशियम नायट्रेटची ओळख करून देण्याची गरज नाही. ठिबकातून सोडले जाणारे '१३:००:४५' हे विद्राव्य खत म्हणजे हेच रसायन. शोरा या नावाने ते आपल्याला शतकानुशतके माहीत आहे. पिंपळगावात आम्ही बसलो होतो त्या ओसरीच्या कोपऱ्यात त्या खताची एक पिशवी होती. मोबाइलची काच ज्यात न्हाऊन निघते ते हेच, असे सांगितल्यावर यजमानांना प्रथम थट्टाच वाटली.

त्याच १९६२ मध्ये कॉर्निंग कंपनीने 'केमकॉर' नावाची अशी बळकट काच जाहीर केली. पण ती कोणाला फारशी हवी नव्हती! काही चष्मे, काही शर्यतीच्या मोटारी यांपलीकडे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि १९७१ च्या सुमारास ती बासनात गुंडाळली गेली. सुरुवातीच्या मोबाइल फोनचे पडदे लहान आणि प्लॅस्टिकचे होते. त्यांवर ओरखडे पडत, पण ते तडकत नसत. २००७ साली अ‍ॅपल कंपनीने बोटाने चालवायचा मोठ्या पडद्याचा फोन जाहीर केला. खिशातल्या किल्ल्यांनी प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात हे ध्यानात आल्यावर फोन बाजारात येण्याआधीच पडदा काचेचा करण्याचा निर्णय झाला, आणि जुन्या संशोधनाची बासने उघडली. 'गोरिला ग्लास' या नावाने ती काच जगभर पसरली. पुढे जपानच्या आसाही व जर्मनीच्या शॉट या कंपन्यांनीही अशा काचा आणल्या. पावसात तडकणाऱ्या कंदिलाच्या काचेशी झुंजलेली कंपनी शंभर वर्षांनी आपल्या खिशात आली ती अशी.

मग तो फोन का फुटला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाबाचे हे कवच फारच पातळ असते. त्याची खोली साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ओरखडा या कवचाच्या आत थांबला तर दाब त्याला मिटून धरतो. तो कवच भेदून गाभ्यापर्यंत गेला, तर कवच असून नसल्यासारखे.

असा ओरखडा कशाने पडतो? आपण किल्ल्यांना दोष देतो, पण खरा शत्रू वाळू आहे. मोजच्या कठीणता श्रेणीत काच साधारण साडेपाच ते सहावर आणि गार, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर. वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत गारेचे कण असतात. खिशाच्या तळाशी बसलेला एखादा कण, किंवा धुळकट पडदा सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसणे, एवढे पुरते. यजमानांचा फोन तीनदा पडला तेव्हा 'काही झाले नाही' असे दिसले. प्रत्यक्षात त्या पडण्याने, आणि त्याहून अधिक रोजच्या धुळीने, भेगा पेरून ठेवल्या असाव्यात. शेवटचे पडणे फक्त निमित्त. अर्थात फोन सपाट पडतो की कोपऱ्यावर, गुळगुळीत फरशीवर की खड्यावर, यानेही मोठा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट. १९६७ मध्ये वीडरहॉर्न या अमेरिकी शास्त्रज्ञाने मोजून दाखवले, की ओढ असलेल्या काचेतील भेग दमट हवेत अधिक वेगाने पुढे सरकते. पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी पोचून तेथील सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मदत करतात. कोपऱ्यातला बारीक तडा काही दिवसांत आपोआप वाढलेला दिसतो, त्यामागे बरेचदा हे कारण असते.

इतिहासातून निघणारे उपाय

फोन सांभाळण्याचे नियम आता पाठ करावे लागत नाहीत. ते वरील हकिगतीतूनच निघतात.

पहिला, पृष्ठभाग जपा. फोनला वेगळा खिसा द्यावा. आधी फुंकर मारून कण उडवावेत, मग मऊ कापडाने पुसावे. पिंपळगावच्या आजोबांनी सांगितले, की त्यांची आई कंदिलाची काच पुसायला राख वस्त्रगाळ करून घेई. त्या माउलीने ग्रिफिथचे नावही ऐकले नसेल, पण काचेचा शत्रू कोण हे ती जाणून होती.

दुसरा, ओरखडा दुसऱ्याने झेलावा. दुकानात मिळणारी वरून चिकटवायची काच पडद्याला फार बळ देते असे नाही. ती स्वतः ओरखडे झेलते आणि स्वस्तात बदलता येते. तिच्यावर छापलेले '९ एच' हे अक्षर मात्र फसवे आहे. तो पेन्सिलींच्या कठीणतेचा क्रमांक आहे, मोजच्या श्रेणीचा नाही. ९ एच पेन्सिलीने खिडकीच्या साध्या काचेवरही ओरखडा पडत नाही. तेव्हा या शिक्क्यापायी जादा पैसे मोजू नयेत.

तिसरा, थांबण्याचे अंतर वाढवा. २०० ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला तर त्याची ऊर्जा सुमारे २ ज्यूल. ती ०.२ मिलिमीटरमध्ये जिरली तर सरासरी बल १०,००० न्यूटन, आणि रबरी कव्हरच्या कोपऱ्याने २ मिलिमीटरमध्ये जिरवली तर १,००० न्यूटन. कव्हरची कड पडद्यापेक्षा किंचित उंच हवी. कंदिलाच्या काचेभोवतीची तार हेच काम करत होती.

चौथा, पाणी आणि ऊन. फोनच्या खोक्यावर 'आयपी ६७' लिहिलेले असते. त्यातील ६ हा अंक धूळ आत जात नाही हे सांगतो आणि ७ हा अंक एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी सांगतो. ही चाचणी नव्या फोनची व स्वच्छ पाण्यातली असते. पडून वाकलेल्या वा तडकलेल्या फोनला ती हमी नाही. फोन भिजलाच तर ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला लावू नये, पुसून वाऱ्यावर वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात खुपसल्याने फायदा होत नाही, उलट पिठूळ कण आत जातात. तसेच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात फोन ठेवू नये. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते. ती फुगली तर पडद्याला आतून रेटते आणि काचेवर पुन्हा तीच ओढ येते. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

वर्गात करून पाहण्याजोगे

गोळीच्या वेष्टनाचा प्रयोग तर बिनखर्चाचा आहे. आणखी एक सुंदर प्रयोग आहे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे चित्र आणावे. त्यासमोर कंपासपेटीतला पारदर्शक प्लॅस्टिकचा गुण्या धरून पोलरॉइड चष्म्यातून, चष्मा हळूहळू फिरवत पाहावे. प्लॅस्टिकमध्ये रंगांचे पट्टे दिसतील. साच्यात थंड होताना अडकून राहिलेले ताण तेथे डोळ्यांना दिसतात. गुण्या हलकेच वाकवला की रंग सरकतात. ब्रूस्टरने १८१६ च्या सुमारास शोधलेला हा परिणाम काचेतले ताण तपासायला आजही वापरतात.

रूपर्टचे थेंब मात्र शाळेत करू नयेत. त्यांचे कण डोळ्यांत जाण्याचा धोका खरा आहे.

निघताना यजमानांनी विचारले, "म्हणजे सर, फोन आज फुटला नाही, आधीच फुटत आला होता?" याहून नेमके उत्तर मला देता आले नसते. त्यांनी नवी काच बसवून घेतली. मागच्या महिन्यात फोनवर बोलताना त्यांच्या मुलीने सांगितले, की बाबा आता मोबाइल ठेवण्याआधी खिसा उलटा करून झटकतात.